एका घरातली दोन भावंडं

बालाघाटहून बैहरकडे निघालं की घाट चढून पुढे उकवा लागतं. जमिनीखाली मँगनीज आणि वर साल-बांबूचं रान. खाण मॉईल या कंपनीची, मॉईलचं मुख्यालय नागपूरला, आणि 1956 पर्यंत तर हा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानीच नागपूर होती. म्हणून इथे गोंडी, हिंदी, पोवारी आणि मराठी एकाच टपरीवर कानावर पडतात. याच पट्ट्यात दोन आजार पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. मलेरिया डासामार्फत बाहेरून घरात शिरतो. सिकलसेल आई-वडिलांच्या रक्तातून घरातच येतो. पहिल्याची नोंद एका वहीत, दुसऱ्याची दुसऱ्या वहीत. या दोन वह्या शेजारी मांडून आकडे जुळवणाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास येतो: सिकलचा एक जनुक अंगात असलेल्या माणसाला मलेरियाचा त्रास कमी होतो, हे आपल्याच गावांच्या आकड्यांवरून सांगता येईल का? बरीच वर्षं या कामात घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. गावाच्या किंवा जमातीच्या तक्त्यावरून ते सांगू नये; तो तक्ता फसवतो. एका घरातल्या भावंडांवरून मात्र ते सांगता येतं, आणि वारशाने आलेल्या गोष्टीची परीक्षा घेण्याची तीच खरी जागा आहे.

आधी मूळ गोष्ट. हिमोग्लोबिनच्या एका साखळीचा जनुक प्रत्येकाला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती नेहमीच्या असल्या तर ‘एए’, एक सिकलची असली तर ‘एएस’, दोन्ही सिकलच्या असल्या तर ‘एसएस’. विदर्भात लोक सरळ ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असंच म्हणतात. एसएस माणसाला आजार असतो: सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं, न्यूमोनियासारखे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. एएस माणूस वाहक; तो सहसा धडधाकट असतो आणि त्याला तपासणीशिवाय कळतही नाही. आता एसएस मुलं पूर्वी लहानपणीच दगावत असताना हा जनुक नाहीसा का झाला नाही, उलट मलेरियाच्या मुलखातच दाट का राहिला? जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1949 मध्ये थॅलेसेमियाबद्दल जे उत्तर सुचवलं, तेच सिकललाही लागू पडलं: वाहकाला मलेरियापासून काही बचाव मिळत असणार. हेच हॉल्डेन 1957 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, 1961 मध्ये भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांची कल्पना कागदावर सुबक होती, पण कल्पनेला आकड्यांचं बळ लागतं.

ते बळ 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दिलं. युगांडातल्या 290 मुलांचं रक्त त्यांनी तपासलं. 43 मुलं सिकलवाहक होती, त्यांतल्या 12 जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी दिसले, म्हणजे 27.9 टक्के. उरलेल्या 247 मुलांपैकी 113 जणांच्या रक्तात दिसले, म्हणजे 45.7 टक्के. हा चार खणांचा तक्ता घेऊन काय-स्क्वेअर काढलं तर ते 4.75 येतं. 3.84 हा उंबरठा. त्याच्या वर गेलं तर आपण म्हणतो की निव्वळ योगायोगाने एवढा फरक शंभरात पाचपेक्षा कमी वेळा पडला असता. संख्या लहान म्हणून येट्सची दुरुस्ती लावली तर आकडा 4.05 वर येतो, म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडतो. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसलेलं हे सत्य त्या दिवशी इतक्या बारीक धाग्यावर लटकत होतं. अ‍ॅलिसन यांनी आणखी एक प्रयोग केला. लुओ जमातीच्या 30 प्रौढांना मलेरियाचा संसर्ग मुद्दाम दिला. वाहक नसलेल्या 15 पैकी 14 जणांना मलेरिया झाला, 15 वाहकांपैकी फक्त दोघांना. इथे काय-स्क्वेअर 19 च्या वर जातं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या तशाच प्रयोगात मात्र असा फरक दिसला नाही, आणि आज तर निरोगी माणसाच्या अंगात असा परजीवी सोडायला कुणी परवानगी देणार नाही. ते योग्यच आहे. पण मग उकव्यासारख्या ठिकाणी माणसाला धक्का न लावता तोच प्रश्न कसा विचारायचा?

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो अ‍ॅलिसनचाच तक्ता इथे मांडण्याचा. सगळ्या गावांच्या नोंदी एकत्र करा, एएस आणि एए असे दोन गट पाडा, मलेरिया किती जणांना झाला ते मोजा, काय-स्क्वेअर काढा. यात काय होतं ते समजुतीच्या आकड्यांनी दाखवतो. हे आकडे कुठल्याही गावाचे नाहीत. समजा रानाला लागून असलेल्या गावांतली 1000 माणसं घेतली, त्यांत 200 वाहक, आणि मलेरियाचं प्रमाण सगळ्यांत सारखंच, 30 टक्के. बाजाराच्या मोठ्या गावातली आणखी 1000 माणसं घेतली, तिथे वाहक 20, आणि मलेरिया सगळ्यांत 5 टक्के. दोन्हीकडे वाहक असो वा नसो, मलेरियात कवडीचाही फरक नाही. आता दोन्ही नोंदी एकत्र करा. 220 वाहकांपैकी 61 जणांना मलेरिया, म्हणजे 27.7 टक्के, 1780 बिगरवाहकांपैकी 289 जणांना, म्हणजे 16.2 टक्के. काय-स्क्वेअर 17.9! कागद ठासून सांगेल की सिकलवाहकाला मलेरिया जास्त होतो. हिशेबात चूक नाही, सूत्रात चूक नाही, तरी निष्कर्ष साफ खोटा. रानाजवळ राहिल्याने मलेरिया वाढला आणि रानाजवळ राहणाऱ्यांतच सिकल जास्त होता, एवढंच त्या आकड्यात आहे. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. या पट्ट्यात तो पुस्तकापुरता राहत नाही. झऱ्या-ओढ्यांत वाढणारा अ‍ॅनोफिलीस फ्लुविएटिलिस डास कुठल्या गावाला भिडतो आणि कुठल्या गावाला नाही, यावरून एकाच पंचायतीतल्या दोन टोल्यांचं चित्र वेगळं होतं. खरा बचाव असला तरी असा एकत्र तक्ता तो पुसून टाकू शकतो, आणि नसला तरी तो उभा करू शकतो.

यावर कुणी म्हणेल, गावं वेगळी मोजा, जमात वेगळी मोजा, झालं. तेवढं करायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. गोंड, बैगा, प्रधान, महार, पोवार, मरार ही नावं तक्त्याच्या रकान्यात सुटसुटीत दिसतात, पण एका नावाखालीही पोटशाखा असतात, सोयरिकीची ठरलेली गावं असतात, आणि सिकलचं प्रमाण त्या सोयरिकीच्या वाटांनी कमी-जास्त होत जातं. वेगवेगळे गट एका नावाखाली घातले की वाहकांची संख्या गणिताने अपेक्षित असते त्यापेक्षा कमी भरते, आणि अननुभवी डोळ्याला वाटतं की निसर्गाने काही निवड केली. त्याहून मोठा धोका शब्दांचा आहे. ‘अमक्या जमातीला मलेरिया सोसतो’ हे वाक्य या भागात सहज बोललं जातं. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. रानात लहानपणापासून वारंवार ताप सोसलेल्या माणसाच्या शरीरात काही प्रतिकार तयार होतो. तो कमावलेला असतो, वयाबरोबर वाढतो, मलेरिया नसलेल्या गावी काही वर्षं राहिलं तर ओसरतो, आणि मुलाला वारशाने मिळत नाही. सिकलचा जनुक जन्माबरोबर येतो आणि जन्मभर राहतो. पहिला तीन वर्षांच्या पोरात नसतो, दुसरा असू शकतो. शिवाय कुठलीच जमात सबंध एएस नसते. जमातीला प्रतिकारक म्हटलं की मच्छरदाणी वाटणारा हात सैल पडतो, आणि ज्या घरात एकही वाहक नाही त्या घराचं नुकसान होतं. म्हणून प्रतिकाराचं बिरुद जमातीला लावायला माझा ठाम विरोध आहे.

मग घराकडे वळू. बाप एएस, आई एए, अशा घरात प्रत्येक मूल जन्मताना एक नाणं उडतं. छापा पडला तर मुलाला बापाचा सिकलचा जनुक, काटा पडला तर नेहमीचा. मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्यांवरून जे मांडलं त्याचं हे सगळ्यात साधं रूप. त्या नाण्याला घर रानाजवळ आहे का, जमात कोणती, मच्छरदाणी फाटकी आहे का, बाप खाणीत जातो की तेंदूपत्ता तोडायला, यातलं काहीही माहीत नसतं. एका छपराखाली, एकाच खाटेवर झोपणारी, एकाच ओढ्याचे डास चावून घेणारी दोन भावंडं. फरक फक्त नाण्याच्या पडण्याचा. अ‍ॅलिसनना सुईने जे करावं लागलं, त्यासाठी लागणारी समान वाटणी इथे निसर्गाने आधीच करून ठेवलेली असते, आणि आपल्याला फक्त नीट मोजायचं असतं. मोजायचं असं: गंभीर मलेरिया झालेली अशी मुलं घ्या, ज्यांच्या आई-वडिलांपैकी एक एएस आणि दुसरा एए आहे. सिकलचा मलेरियाशी काही संबंध नसेल तर त्यांतली निम्मी एएस असायला हवीत. समजा अशी 60 मुलं आहेत, तर 30-30. प्रत्यक्षात 18 एएस आणि 42 एए निघाली, तर फरक 24, त्याचा वर्ग 576, भागिले 60, उत्तर 9.6. उंबरठा तोच, 3.84. या पद्धतीला 1993 मध्ये स्पीलमन, मॅकगिनिस आणि इवेन्स यांनी नाव दिलं, पण अंकगणित शाळेतल्या मुलाला कळेल इतकं सोपं आहे. आणि ते जमातीच्या मिसळीला भीक घालत नाही, कारण तुलना कधी घराबाहेर जातच नाही.

यावर कामाची माणसं जे आक्षेप घेतात ते हलके नाहीत. पहिला, अशी घरं थोडी मिळतात. खरं आहे, पण किती लागतात ते आधी काढावं. वाहकाला गंभीर आजारापासून निम्मा बचाव असेल, तर तो दहात आठ वेळा पकडण्यासाठी अशी सत्तरेक मुलं पुरतात. बचाव नव्वद टक्के असेल तर दहा-बाराही पुरे. दुसरा आक्षेप, भावंडांचं वय वेगळं असतं. थोरला मोहफुलं वेचायला पहाटे रानात जातो, धाकटा घरी असतो. हेही खरं, पण थोरल्याला सिकल मिळायचा आणि धाकट्याला नाही, असा काही नियम नाही. त्यामुळे वयाने आकड्यांत गोंगाट वाढतो, कल वाढत नाही. तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: सिकलबरोबर अकराव्या गुणसूत्राचा शेजारचा तुकडाही मुलाकडे येतो, तेव्हा बचाव सिकलचाच कशावरून? एकट्या या कसोटीने ते ठरत नाही. त्यासाठी पेशीत काय घडतं ते पाहावं लागतं, आणि एएस रक्तपेशीत परजीवी नीट वाढत नाही हे प्रयोगशाळांनी वेगळ्या वाटेने दाखवलेलं आहे. आकड्यांनी तुकड्याकडे बोट दाखवलं, काचेखाली पाहणाऱ्याने त्या तुकड्यातला गुन्हेगार ओळखला. दोन्ही पुरावे लागतात.

घराच्या आत मोजतानाही एक मोठा सापळा आहे, आणि तो समजल्याशिवाय या कामात हात घालू नये. आई-वडील दोघेही एएस असले तर प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता चारात एक. पण प्रत्यक्ष नोंदवहीत अशा घरांची मुलं मोजली तर प्रमाण चारात एकच्या कितीतरी वर दिसतं. दोन मुलं असलेल्या अशा घरांचं पाहा. एकही मूल एसएस नसण्याची शक्यता सोळात नऊ. ती घरं आपल्या दारापर्यंत येतच नाहीत, कारण त्यांच्यात कुणी आजारी नसतं. जी येतात त्यांच्यात निदान एक मूल एसएस असतंच, आणि त्या घरांपुरता हिशेब केला तर सरासरी 57 टक्के मुलं एसएस भरतात. दवाखान्यातल्या नोंदींवर विसंबणाऱ्याला वाटेल की मेंडेलचा नियम इथे मोडतो. नियम मोडत नाही. आपण आजारी घरंच वेचलेली असतात. वाइनबर्ग, फिशर, हॉल्डेन या सगळ्यांनी या वेचणीची दुरुस्ती कशी करावी यावर डोकं खपवलं, ते उगीच नाही. याच गणिताला लागून एक मानवी बाजू आहे. पहिलं मूल एसएस झालं म्हणजे ‘आता पुढची तीन सुटली’ असं आई-वडील मनाशी धरतात. नाण्याला आठवण नसते. प्रत्येक वेळी शक्यता तीच, चारात एक. हे समजावताना आकडा सांगून थांबू नये. हातात नाणं द्यावं आणि चार-सहा वेळा उडवायला लावावं.

तपासणीच्या नळीकडेही बारकाईने पाहायला हवं. गावात जी पहिली चाचणी होते तीत बोटाचं थोडंसं रक्त एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. पण ही नळी एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असल्याने पहिले काही महिने नळी चुकू शकते, आणि नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात तर दात्याचंच हिमोग्लोबिन मोजलं जातं. घरातल्या तुलनेत अशी एक चूक जास्त बोचते, कारण एए आई-बापाचं मूल एएस निघालं की तक्ता अडतो आणि माणसांच्या मनात भलतंच येतं. अशा वेळी आधी नळी आणि नाव पुन्हा तपासावं. बहुतेकदा चूक तिथेच सापडते. आणि त्यावरची एकही टिप्पणी घरच्यांसमोर करू नये. संसार हा कसोटीचा विषय नाही.

आता ‘प्रतिकार’ म्हणजे नक्की काय मोजायचं? युगांडात अ‍ॅलिसननी रक्तात परजीवी आहेत की नाहीत एवढंच पाहिलं. केनियातल्या किलिफी या किनाऱ्यावरच्या भागात 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात चित्र अधिक बारीक निघालं: लक्षणाविना रक्तात फिरणाऱ्या परजीवींवर एएसचा परिणाम नाही, साध्या मलेरियापासून निम्मा बचाव, मलेरियाने दवाखान्यात भरती होण्यापासून तीन-चतुर्थांश, आणि जीवघेण्या मलेरियापासून जवळजवळ 90 टक्के. म्हणजे जनुक परजीवीला दारात अडवत नाही; आत आल्यावर त्याला घर पेटवू देत नाही. आपल्या गावांत नुसत्या काचपट्टीवर परजीवी आहे-नाही एवढ्यावरून तक्ता मांडला आणि काय-स्क्वेअर उंबरठ्याखाली राहिलं, तर ‘बचाव नाही’ असं म्हणणं चूक ठरेल; आपण चुकीच्या जागी पाहिलेलं असेल. शिवाय बालाघाटात मलेरियाच्या फाल्सिपेरम या परजीवीबरोबर व्हायवॅक्स हा दुसरा परजीवीही आहे, आणि वरचे सगळे आकडे फाल्सिपेरमच्या मुलखातले. ते दोन रकाने वेगळे ठेवल्याशिवाय इथला कुठलाही निकाल मी खरा मानणार नाही. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी: बचाव एएसला आहे, एसएसला नाही. एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा अधिक घातक ठरतो. वाहकालाही बचाव शंभर टक्के नाही. त्यामुळे या सगळ्या गणितातून मच्छरदाणी कमी करण्याचं एकही कारण निघत नाही.

शेवटचा आक्षेप काळाचा. औषध लावलेल्या मच्छरदाण्या, गावातच होणारी तपासणी आणि वेळेवरची गोळी यांमुळे मध्य प्रदेशात मलेरिया गेल्या दहा वर्षांत झपाट्याने खाली आला. आता हा प्रश्न विचारण्यात काय अर्थ? मला वाटतं, आत्ताच आहे. मलेरिया गेला तरी सिकल जाणार नाही. शंभर जनुकांत दहा सिकलचे असतील आणि वाहकाला कुठलाच फायदा उरला नसेल, तर एकही एसएस मूल वंश पुढे नेत नाही असं धरलं तरी ते प्रमाण शंभरात पाचवर यायला साध्या हिशेबाने दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं लागतील. बचावाची गरज संपली तरी त्या बचावाची किंमत मुलं मोजत राहतील. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं, आणि निर्मूलनासाठी 2047 ही मुदत. इतकी माणसं तपासली जाणार असतील तर तो पुराव्याचा केवढा मोठा साठा होईल! पण तपासणीचं कार्ड माणसागणिक मिळतं. बाप एका शिबिरात, आई दुसऱ्या, मुलगी आश्रमशाळेत. तीन क्रमांक, तीन फायली, आणि त्या एकाच घरातल्या आहेत हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. ज्या तुलनेने खरं उत्तर मिळू शकतं ती नोंदतानाच विखुरते. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी चाचणीही लागत नाही. फॉर्मवर आई आणि वडील या दोघांच्या कार्ड क्रमांकांसाठी दोन रकाने लागतात, आणि ते मोकळे न सोडण्याची सवय.